गुर्जर (गुज्जर) समाजाचे लोक हे मध्य आशियातून आलेल्या कुषाण किंवा हूणांचे वंशज आहेत, हे खरं आहे का?

नाही, हे सिद्ध झालेलं नाही; बराचसा आधार नावांच्या साम्याचा आहे. 'कसाना' गोत्र म्हणजे कुषाण, 'हूण' गोत्र म्हणजे हूण, असा तो तर्क. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम आणि आपले इतिहाससंशोधक देवदत्त भांडारकर यांनी परकीय मूळ मांडलं, म्हणून ते अजून फिरतं. पण उच्चार जुळला म्हणून रक्त जुळत नाही. सातव्या शतकातला बाणभट्ट 'हर्षचरिता'त हर्षाचे वडील प्रभाकरवर्धन यांना 'हूणहरिणकेसरी', म्हणजे हूणरूपी हरणांचा सिंह म्हणतो आणि त्याच ओघात पुढे 'गुर्जरप्रजागर', म्हणजे गुर्जरांची झोप उडवणारा. एकाच दमात दोन वेगळी नावं! इ.स. ६३४ च्या ऐहोळे (कर्नाटक) शिलालेखातही लाट (दक्षिण गुजरात) आणि मालव (माळवा) यांच्या जोडीला गुर्जर येतात, आणि तिथे हा शब्द प्रदेशाला धरूनही वाचता येतो. दहाव्या शतकातल्या राजोरच्या (राजस्थान) लेखात मात्र राजा स्वतःला गुर्जर-प्रतिहार म्हणवतो आणि गुर्जरांनी कसलेल्या शेतांचाही उल्लेख येतो. इथे गुर्जर हे प्रदेशाचं नव्हे, लोकांचं नाव दिसतं, म्हणून मला हा लेख सगळ्यांत मोलाचा वाटतो. एक लक्षात घ्या: बाणाने वेगळी नावं दिली म्हणून आधी सरमिसळ झालीच नसेल, असं ठरत नाही. काही कुळं बाहेरून येऊन मिसळलीही असतील.