गूळ, पोहे आणि रक्तातील साखर

प्रश्न : मी इंदूरची, वय 52. सहा महिन्यांपासून चहात साखरेऐवजी गूळ घालते, जिलेबी सोडली आहे आणि सकाळी फक्त बशीभर पोहे, वर मूठभर शेव, एवढेच खाते. तरी वजन उतरले नाही आणि एचबीए1सी (रक्तातील साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) 6.1 टक्के आले. असे का?

उत्तर : गुळात खनिजे थोडी अधिक असली तरी त्याचा बहुतेक भाग सुक्रोजच, म्हणजे साखरच असतो, त्यामुळे हा बदल नावापुरताच ठरतो. जिलेबी सोडलीत हे उत्तम (इंदुरात राहून ते सोपे नाही!), परंतु पोह्यांतील पिष्टही पचनानंतर ग्लुकोज होऊनच रक्तात उतरते, आणि 100 ग्रॅम कोरड्या पोह्यांत सुमारे 75 ग्रॅम कर्बोदके असतात. वजनाचा हिशेब मात्र एकूण उष्मांकांचा आहे : एक ग्रॅम कर्बोदकातून 4 उष्मांक मिळतात, तर शेवेतील एक ग्रॅम तेलातून 9. तेव्हा आधी मूठभर शेव चिमूटभरावर आणा.

पोहे सोडण्याची गरज नाही. ते निम्मे करून त्यांत मटार घाला आणि सोबत मोडाचे मूग घ्या, कारण प्रथिने आणि चोथा यांमुळे ग्लुकोज रक्तात सावकाश शिरते. एचबीए1सी 5.7 ते 6.4 टक्के असणे हा मधुमेहपूर्व टप्पा मानतात. ही तपासणी मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, म्हणून ती तीन महिन्यांनी पुन्हा करून अहवाल आपल्या डॉक्टरांना दाखवा.