तलवार नसलेली घराणी

गेल्या अंकात क्योटोच्या दरबारी घराण्यांवर, म्हणजे तिथल्या ‘कुगें’वर, थोडे लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी तीन इथे घेते.

प्रश्न : फुजिवारांनी सम्राटाला नामधारी करून राज्य चालवले, असे तुम्ही लिहिलेत. म्हणजे ते जपानचे पेशवेच झाले ना? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, आनंदवल्ली)

राघोबादादांच्या आनंदवल्लीत राहणाऱ्या मुलीला पेशवे आठवणारच. पण साताऱ्याहून वस्त्रे घ्यायची आणि पुण्यातून कारभार करायचा, याच्याशी जोडी लावायची तर ती शोगुनशी, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाशी, लाव. शोगुनही क्योटोच्या सम्राटाकडून पदवी घेई आणि राज्य कामाकुरातून, पुढे एदोतून (आजच्या तोक्योतून) करी. फुजिवारा या दरबारी घराण्याची गोष्ट निराळी आहे. त्यांची सत्ता आजोळची होती.

त्या काळच्या दरबारी रीतीप्रमाणे मूल आईच्या माहेरी जन्मे आणि बहुधा तिथेच वाढे. तेव्हा मुलगी सम्राटाला द्यायची, नातू आपल्या अंगणात वाढवायचा, तो लहान असतानाच गादीवर बसवायचा आणि आजोबाने कारभार पाहायचा. सम्राट अज्ञान असेल तर कारभाऱ्याला ‘सेश्शो’ म्हणत, जाणता झाला की ‘काम्पाकु’. 858 मध्ये याच घराण्यातल्या योशिफुसाचा लहानगा नातू गादीवर आला आणि 866 मध्ये योशिफुसा राजघराण्याबाहेरचा पहिला सेश्शो झाला.

या रीतीचा कळस म्हणजे मिचिनागा (966–1028). तीन सम्राटांना तीन मुली दिल्या, आणि पुढे गादीवर आलेले लागोपाठचे तीन सम्राट त्याच्या मुलींचे मुलगे. 1018 मध्ये तिसरी मुलगी सम्राज्ञी झाली, त्या रात्रीच्या मेजवानीत त्याने कविता म्हटली: हे जग माझेच आहे असे वाटते, पौर्णिमेच्या चंद्राला काही उणे नसावे तसे. मिचिनागाच्या हातची रोजनिशी आजही शाबूत आहे, पण ही कविता तिच्यात नाही. मेजवानीला हजर असलेल्या सानेसुके नावाच्या दरबाऱ्याने ती आपल्या रोजनिशीत टिपली, म्हणून ती राहिली. ही गोष्ट लक्षात ठेव, खालच्या उत्तरात उपयोगी पडेल.

सारे आजोळावर उभे होते, म्हणून ढासळलेही तिथूनच. मिचिनागाच्या मुलाने, योरिमिचीने, आपल्याही मुली दरबारात दिल्या. त्यांच्या पोटी वारस आला नाही. 1068 मध्ये गादीवर बसलेल्या गो-सान्जो सम्राटाची आई राजकन्या होती, फुजिवारांची लेक नव्हे. सुमारे पावणेदोनशे वर्षांत असे प्रथमच घडत होते. त्याने फुजिवारांच्या जहागिरींचे कागद तपासायला काढले. पद घराण्यातच राहिले, पण पूर्वीचा वचक गेला. तेराव्या शतकात याच घराण्याच्या पाच शाखा ठरल्या: कोनोए, कुजो, निजो, इचिजो आणि ताकात्सुकासा. पुढे काम्पाकु व्हायचे तर या पाच घरांतूनच. 1585 मध्ये शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या हिदेयोशीला ते पद हवे झाले, तेव्हा सारा जपान मुठीत येत असूनही त्याला कोनोए घराण्यात दत्तक जावे लागले.

प्रश्न : आज या घराण्यांना किताब आहेत का? (वाचक, नाशिकरोड)

नाहीत. 1869 मध्ये कुगे आणि दाइम्यो, म्हणजे मुलूख असलेले लढवय्ये सरदार, यांचा मिळून एकच सरदारवर्ग केला, 1884 मध्ये त्याला युरोपच्या धर्तीवर पाच दर्जे दिले आणि 1947 च्या राज्यघटनेने तो रद्द केला. माणसे अर्थातच आहेत. 1993 मध्ये पंतप्रधान झालेले होसोकावा हे कोनोए घराण्याच्या मुलीचे चिरंजीव.

प्रश्न : मुलगा ओसाकाला नोकरीला आहे, त्याच्यासोबत क्योटो पाहिले. विद्यापीठाच्या इमारतींच्या मध्ये भिंतीआड एक जुने घर दिसले. तिथे अजून कुगे घराणे राहते म्हणे. हाती तलवार नाही, मुलूख नाही, मग ही माणसे आठशे वर्षे टिकली कशी? (सेवानिवृत्त गृहस्थ, सिन्नर)

तुम्ही पाहिलेत ते रेइझेइ घराण्याचे घर. त्याबद्दल लिहायला मिळाले याचा मला मनापासून आनंद आहे.

मुलूख नव्हता हे खरेच. ओनिनच्या युद्धात (1467–77) क्योटो जळून गेले, जहागिरी लढवय्यांनी गिळल्या. खुद्द गो-नारा सम्राटाचा राज्याभिषेक पैशाअभावी दहा वर्षे अडला. पुढे एदोच्या तोकुगावा शोगुनांनी 1615 चा कायदा करून दरबाराला विद्येत गुंतवले आणि नेमणुका बांधून दिल्या. एक कोकु म्हणजे साधारण दीडशे किलो तांदूळ, एका माणसाचे वर्षाचे पोट. दहा हजार कोकुंपासून पुढे दाइम्यो म्हणवत; कुग्यांमध्ये अग्रगण्य कोनोए, त्यांना सुमारे 2,860 कोकु. कित्येक घरांना दोनशेही नव्हते.

टिकले ते घरच्या विद्येवर. प्रत्येक घराण्याची एक विद्या ठरलेली असे. आसुकाईंकडे केमारी, म्हणजे हरणाच्या कातड्याचा चेंडू पायाने हवेत झेलत ठेवण्याचा खेळ. त्सुचिमिकादोंकडे पंचांग आणि ग्रहतारे, यामाशिनांकडे दरबारी वस्त्रे, शिजोंकडे स्वयंपाक आणि सुरीचे काम. शिकायला येणाऱ्याला परवाना द्यायचा, दक्षिणा घ्यायची. रेइझेइंची विद्या कवितेची. तेइका (1162–1241) हा त्यांचा पूर्वज. त्याने पन्नासहून अधिक वर्षे लिहिलेल्या रोजनिशीचा मोठा भाग त्याच्याच अक्षरात आजही या घरात आहे.

आणि हे घर उभे राहिले ते भाऊबंदकीतून! तेइकाचा मुलगा तामेइए. त्याने हारिमा प्रांतातली एक जहागीर आधी थोरल्याला लिहून दिली, मग ती फिरवून दुसऱ्या बायकोच्या मुलाला, तामेसुकेला दिली. 1275 मध्ये बाप वारला आणि थोरला जहागीर सोडेना. तेव्हा तामेसुकेची आई अबुत्सु, भिक्षुणी झालेली विधवा बाई, 1279 मध्ये क्योटोहून निघाली आणि सुमारे दोन आठवडे वाट तुडवत कामाकुराच्या कचेरीत दाद मागायला गेली. निकाल लागला तो ती वारल्यावर, तिच्या मुलाच्या बाजूने. जहागीर पुढे काळाच्या ओघात गेलीच. पण तामेसुकेकडे आलेली हस्तलिखिते गेली नाहीत, आणि थोरल्याचा वंश खुंटला तरी रेइझेइ राहिले.

ही हस्तलिखिते ज्या कोठारात ठेवली, त्याला हे घर देवघर मानते. आत जायचे ते घरच्या कर्त्याने आणि वारसाने. 1788 च्या आगीत शहराचा मोठा भाग खाक झाला, पण जाड मातीच्या भिंतींचे कोठार वाचले. राहते घर 1790 मध्ये पुन्हा बांधले, तेच तुम्ही पाहिलेत. 1869 मध्ये सम्राट तोक्योला गेला, बहुतेक कुगे मागोमाग गेले आणि राजवाड्याभोवतीची त्यांची घरे पाडून तिथे बाग झाली. रेइझेइ क्योटोतच राहिले. 1981 मध्ये त्यांनी संस्था स्थापून कोठारातला ठेवा तिच्या हवाली केला.

हे वाचताना मला आमचा पंचवटीतला वाडा दिसतो. आमचे घर क्षेत्रोपाध्यांचे. गावोगावच्या यजमानांच्या चोपड्या लाल बासनांत बांधून फडताळात असत. जुनी पाने मोडी लिपीत. 1969 चा महापूर आला तेव्हा मी दहा वर्षांची होते. दुतोंड्या मारुती बुडाला, पाणी वाड्याच्या पायऱ्या चढू लागले. अण्णांनी आणि काकांनी आधी बासने माडीवर नेली, मग धान्य, मग आईची भांडी. आई काही बोलली नाही. तीन बासने तरी भिजलीच. अण्णा कितीतरी दिवस एकेक पान सोडवून दोरीवर वाळत घालत होते आणि शाई फुटलेल्या पानावरची नावे आठवून, यजमानांना पत्रे लिहून पुन्हा उतरवत होते. त्या नावांतले कोणी राजे नव्हते: कुणबी, साळी, तांबट. पणजोबाचे नाव पाहायला आलेला माणूस ते सापडले की पानाला हात लावून नमस्कार करी. म्हणून सानेसुकेची रोजनिशी असो की तेइकाची, ती जपणाऱ्या हातांबद्दल मला फार वाटते.

तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलेत की सिन्नरकडच्या कुळांच्या नोंदी नाशकात मिळतील का. मिळतील. मूळ गाव, आडनाव, आणि आजोबा-पणजोबांपैकी जे नाव ठाऊक असेल ते कळवा. तुमच्या गावाची चोपडी आमच्याकडे नसली तर ज्या घराकडे आहे ते घर माझा चुलतभाऊ दाखवील. येताना पुढच्या पिढीची नावे लिहून आणा, तीही चढवून घेऊ.