हेपॅटायटिस बी चा तिसरा डोस राहिला आणि लहानपणीचं कार्डही हरवलं. मोठ्या वयात लसीकरण कुठून सुरू करावं?

तुमची परिस्थिती थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तुमचं वय ४३, लसीकरण कार्ड हरवलंय, धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवत नाही. हेपॅटायटिस बी चे दोन डोस तीन वर्षांपूर्वी झाले, तिसरा राहून गेला. आईंचं वय ६८, त्यांना मधुमेह आहे आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. दोघांनी काय घ्यावं, एका दिवशी एकापेक्षा जास्त लसी चालतात का आणि त्रास किती होतो, हे तुम्ही विचारलंय.

आधी तिसऱ्या डोसचं सांगतो. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची नाही. राहिलेला एक डोस घ्या, कोर्स पूर्ण झाला. आधीच्या डोसांमुळे तयार झालेल्या स्मृतिपेशी तीन वर्षांत पुसल्या जात नाहीत, त्या पुढच्या डोसची वाट बघत असतात. तोंडाने घ्यायच्या टायफॉइड लसीसारखे मोजके अपवाद सोडले तर बहुतेक सगळ्या लसींना हाच नियम आहे: दोन डोसांमधलं अंतर वाढलं तर बिघडत नाही, कमी झालं तर बिघडतं. हेपॅटायटिस बी चं नेहमीचं वेळापत्रक ०, १ आणि ६ महिने असं असतं. त्यात किमान अंतर पहिल्या-दुसऱ्यात ४ आठवडे, दुसऱ्या-तिसऱ्यात ८ आठवडे आणि पहिल्या-तिसऱ्यात १६ आठवडे. किमान अंतराच्या चार दिवस आधीपर्यंत दिलेला डोस सहसा धरला जातो. त्याहूनही आधी दिलेला डोस मोजत नाहीत, तो परत घ्यावा लागतो. म्हणून ‘प्रवासाला जायचंय, जरा लवकर उरकून टाका’ असा आग्रह दवाखान्यात कधी धरू नका.

तो डोस घेण्याआधी एकदा रक्त तपासून घ्या, असं मी सांगेन. एचबीएसएजी (विषाणूचं प्रथिन, म्हणजे संसर्ग सध्या अंगात आहे का), अँटी-एचबीएस (संरक्षण देणाऱ्या अँटीबॉडी) आणि अँटी-एचबीसी टोटल (संसर्ग कधी झाला होता का) या तीन तपासण्या एकत्र करतात. जुना संसर्ग आहे का, आणि दोन डोसांनीच पुरेशी प्रतिकारशक्ती आली आहे का, दोन्ही त्यातून कळतं. रक्त सुईच्या आधी काढा. लस घेतल्यावर साधारण १८ दिवसांपर्यंत लसीतल्याच प्रथिनामुळे एचबीएसएजी पॉझिटिव्ह दिसू शकतं आणि माणूस विनाकारण हादरतो. त्या दिवसांत रक्तदानही टाळा, कारण तिथेही हीच तपासणी होते. तपासणीचा निकाल हाती येईपर्यंत डोस अडवून ठेवायची मात्र गरज नाही. रक्त दिलं की त्याच भेटीत सुई घेता येते. कोर्स संपल्यावर १ ते २ महिन्यांनी अँटी-एचबीएस मोजणं सगळ्यांना लागत नाही. आरोग्यसेवेत काम करणारे, डायलिसिसवर असलेले, किंवा ज्यांच्या जोडीदाराला हा संसर्ग आहे, त्यांनी ते जरूर करावं. आकडा १० किंवा त्याहून जास्त आला की झालं. तंदुरुस्त माणसाला त्यापुढे बूस्टर लागत नाही.

आता धनुर्वात. इथे लोक दोन उलट चुका करतात. काहींनी लहानपणानंतर एकही सुई घेतलेली नसते, तर काही जण खरचटलं तरी दर सहा महिन्यांनी टीटी टोचून घेतात. धनुर्वाताचा जंतू मातीत बीजाणूच्या रूपात असतो आणि एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही. त्यामुळे आजूबाजूच्या सगळ्यांनी लस घेतली तरी तुम्हाला त्याचं संरक्षण मिळत नाही. हा आजार होऊन गेल्यावरही पुढची प्रतिकारशक्ती येत नाही, कारण माणसाला मारायला पुरणारं विष इतकं सूक्ष्म असतं की शरीर ते ओळखायलाही शिकत नाही. इथे स्वतःच्या लसीशिवाय दुसरा आधार नाही.

नोंद नसेल तर लस घेतलीच नाही असं धरायचं, हा साधा नियम आहे. त्याप्रमाणे तुम्हाला तीन डोस लागतील: आज, ४ आठवड्यांनी, आणि त्यानंतर ६ ते १२ महिन्यांनी. नुसती टीटी घेऊ नका. घटसर्पासह येणारी टीडी मागा, आणि तिघांपैकी एक डोस, शक्यतो पहिला, डांग्या खोकल्यासह येणारा टीडॅप असू द्या. घटसर्प आणि डांग्या खोकला या दोन्हींची लहानपणीची प्रतिकारशक्ती मोठेपणी ओसरत जाते. त्यानंतर दर १० वर्षांनी एक बूस्टर ही अनेक देशांतली पद्धत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने लहानपणापासून किशोरवयापर्यंत योग्य अंतराने सहा डोस झाले असतील तर ते पुढे पुरतात. पण ते सहा डोस कागदावर दिसायला हवेत, आणि तुमचा कागद हरवलाय.

जखम झाली तर हिशोब असा: मूळ कोर्स पूर्ण असेल आणि जखम स्वच्छ व लहान असेल, तर शेवटच्या डोसला १० वर्षं झाली असतील तरच सुई. जखम खोल असेल किंवा तिच्यात माती, शेण, गंज गेला असेल, तर ५ वर्षांची मर्यादा. मूळ कोर्सच माहीत नाही आणि जखम घाण आहे, तर लसीसोबत धनुर्वाताचं इम्युनोग्लोब्युलिनही लागतं, वेगळ्या जागी. लस अँटीबॉडी तयार करायला वेळ घेते, इम्युनोग्लोब्युलिन तयार अँटीबॉडी हातात देतं. आणि थोड्या थोड्या दिवसांनी टीटी घेत राहिलं, तर अंगात आधीच भरपूर असलेल्या अँटीबॉडी लसीवर तुटून पडतात आणि ४ ते १२ तासांत खांद्यापासून कोपरापर्यंत दंड टम्म सुजतो. त्याला आर्थस प्रतिक्रिया म्हणतात. जीवावर बेतत नाही, पण पुढची किमान १० वर्षं धनुर्वाताची सुई घेता येत नाही. गेल्या काही वर्षांत जखमांसाठी टीटी घेतल्याचं पुसटसं जरी आठवत असलं तरी डॉक्टरांना सांगा. त्यांनी डोस कमी केले तर ते योग्यच असेल.

गोवर, गालगुंड, रुबेलाची एमएमआर लस तुम्हाला हवी का, हे नोंद किंवा रक्ततपासणीवर ठरतं. तपासणी न करता घेतली तरी आधीच्या प्रतिकारशक्तीला धक्का लागत नाही. एमएमआर आणि कांजिण्यांची लस या जिवंत, दुबळ्या केलेल्या विषाणूंच्या लसी आहेत, म्हणून त्यांचे नियम वेगळे. गरोदरपणात घ्यायच्या नाहीत, आणि घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळायची. केमोथेरपी चालू असलेल्यांनी, तसंच रोज २० मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन दोन आठवडे वा जास्त घेणाऱ्यांनी घ्यायच्या नाहीत. टोचायच्या दोन जिवंत लसी एकाच दिवशी चालतात. तो दिवस चुकला तर मध्ये २८ दिवस जाऊ द्यावे लागतात.

आईंच्या बाबतीत मी तीन लसींसाठी आग्रह धरेन.

पहिली फ्लूची, दरवर्षी. विषाणू आपलं बाहेरचं रूप बदलत राहतो आणि अँटीबॉडीही महिन्यागणिक उतरतात, म्हणून मागच्या वर्षीची सुई यंदा पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटना लसीत कोणते विषाणू असावेत हे वर्षातून दोनदा सुचवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. संरक्षण यायला दोन आठवडे लागतात, तेव्हा साथ सुरू होण्याआधी घ्या. टोचायच्या नेहमीच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिने फ्लू होत नाही. लस घेतल्यानंतर लगेच सर्दी झाली तर ती आधीच अंगात शिरलेली असते.

दुसरी न्यूमोकोकल, म्हणजे न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस जंतूविरुद्धची. मधुमेहात न्यूमोनिया गुंतागुंतीचा होतो, म्हणून ही टाळू नये. इथे लसीचं नाव नीट बघा. पीसीव्ही२० मिळाली तर एकच डोस पुरतो. पीसीव्ही१५ किंवा पीसीव्ही१३ दिली तर साधारण वर्षाने पीपीएसव्ही२३ लागते. पीपीएसव्ही२३ मध्ये जंतूच्या कवचातली नुसती शर्करा असते आणि तिच्यावर टिकाऊ स्मृती तयार होत नाही. पीसीव्हीमध्ये तीच शर्करा प्रथिनाला जोडलेली असते, म्हणून स्मृती तयार होते. दोन्ही लागणार असतील तर पीसीव्ही आधी.

तिसरी नागिणीची. लहानपणी कांजिण्या झालेल्यांच्या मज्जातंतूंच्या मुळांशी तो विषाणू कायम दबा धरून बसतो आणि उतारवयात नागीण होऊन बाहेर पडतो. पुरळ जातं, पण त्यानंतरची आग काहींना महिनोन्‌महिने झोपू देत नाही. शिंग्रिक्स या लसीचे दोन डोस, २ ते ६ महिन्यांच्या अंतराने. चाचण्यांमध्ये तिने ७० वर्षांवरच्या लोकांतही सुमारे ९० टक्के संरक्षण दिलं. आधी नागीण होऊन गेली असेल तरी ती पूर्ण बरी झाल्यावर घेता येते. त्रासही मोठ्यांच्या लसींत हिचाच जास्त: दंड ठणकतो, अंग मोडून येतं, थंडी वाजते. साधारण सहातल्या एकाला दोन-तीन दिवस नेहमीची कामं जमत नाहीत. त्रास झाला म्हणजे लस कुचकामी असं नाही, उलट तिच्यातला प्रतिसाद वाढवणारा घटक काम करत असल्याचं ते लक्षण आहे. आईंना हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर पहिल्या डोसनंतर ‘पुन्हा नको’ म्हणतील आणि अर्ध्या कोर्सवर थांबतील. हिची पूड आणि द्रव वेगवेगळ्या बाटल्यांत येतात. ते तुमच्यासमोर मिसळायला सांगा. मिसळलेली लस लगेच टोचायची, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवून सहा तासांच्या आत. त्यानंतर ती फेकून द्यावी लागते.

एकाच दिवशी दोन-तीन लसी चालतात. दोन्ही दंड वापरावेत, आणि एकाच दंडात द्यायच्या असतील तर मध्ये किमान अडीच सेंटिमीटर अंतर. तरीही आईंच्या वयात नागिणीची लस मी वेगळ्या दिवशी देईन, म्हणजे ताप आला तर कशाने आला याचा घोळ होत नाही.

सुई कुठे बसते याकडे फार कमी लोक लक्ष देतात. दंडाचा वरचा स्नायू हीच जागा: खांद्याचं हाड जिथे संपतं त्याच्या दोन-तीन बोटं खाली, काखेच्या रेषेच्या वर. कॉलर खाली ओढून सुई देऊ देऊ नका, बाही पूर्ण वर घ्या किंवा शर्ट काढा. कॉलर ओढली की सुई वर, सांध्याच्या पिशवीत जाण्याचा धोका असतो. मग ४८ तासांत सुरू झालेलं खांद्याचं दुखणं आठवडे गेले तरी थांबत नाही आणि हात वर होत नाही. देणारा उभा आणि घेणारा बसलेला असला तरी हीच चूक होते. दोघांनी बसावं, हात मांडीवर सैल सोडावा. बहुतेकांना २५ मिलिमीटर लांबीची सुई पुरते, दंड फार जाड असेल तर ३८ लागते. हेपॅटायटिस बी कुल्ल्यात घेऊ नका. तिथे लस चरबीत अडकते आणि प्रतिसाद कमी येतो.

आईंची रक्त पातळ करणारी गोळी लसीसाठी बंद करायची नाही. बारीक, २३ गेजची किंवा त्याहून बारीक सुई वापरायला सांगा, आणि नंतर जागा न चोळता दोन मिनिटं घट्ट दाबून धरा. चोळलं की आत रक्त साकळतं.

लस दुकानातून तुम्हीच नेणार असाल तर शीतपेटीत न्या, २ ते ८ अंशांत, पण बर्फाला चिकटवून नको. टीडी आणि हेपॅटायटिस बी गोठली की वाया गेली, पुन्हा वितळवून उपयोग नाही. चांगली टीडी हलवल्यावर एकसारखी दुधाळ दिसते. गोठून वितळलेलीत कण दिसतात आणि ते झपाट्याने तळाला बसतात. अशी बाटली परत करा.

सुईनंतर १५ मिनिटं तिथेच बसा. भोवळ याच वेळात येते, आणि दुर्मीळ पण गंभीर अ‍ॅलर्जीही बहुधा इतक्यातच दिसते. तिच्यावरचं अ‍ॅड्रेनालिन जवळ हवं. आधी कधी सुई बघून भोवळ आली असेल तर झोपून घ्या. पाय, पोट आणि दुसऱ्या हाताचे स्नायू १०-१५ सेकंद आवळा, मग सैल सोडा, असं पाच वेळा. टोचायचा दंड मात्र सैलच. साधी सर्दी असली तरी लस चालते. तापाने फणफणत असाल तर बरं वाटल्यावर या. कणकण, दंडदुखी एक-दोन दिवसांची. पॅरासिटामॉल त्रास झाल्यावर घ्या, आधीच नको. आईंना आयब्युप्रोफेन मुळीच नको, रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो. त्यांची साखरही एखादा दिवस वर दिसू शकते. लाली तिसऱ्या दिवसानंतरही पसरत असेल, किंवा ताप तीन दिवसांपुढे गेला, तर दाखवा.

मग तुमचं असं ठरवा. पहिल्या भेटीत रक्ततपासणी, एका दंडात टीडॅप, दुसऱ्यात हेपॅटायटिस बी. चार आठवड्यांनी टीडी, हवी असेल तर एमएमआरही. त्यानंतर ६ ते १२ महिन्यांनी शेवटची टीडी. आईंना पहिल्या भेटीत फ्लू आणि न्यूमोकोकल, दोन-तीन आठवड्यांनी नागिणीचा पहिला डोस, त्यानंतर २ ते ६ महिन्यांत दुसरा. टीडीची नोंद त्यांचीही नसेल तर ती या भेटींतच बसवा. प्रत्येक वेळी लसीचं नाव, कंपनी, बॅच क्रमांक, तारीख, कोणता दंड आणि पुढची तारीख लिहून घ्या, आणि निघण्याआधी त्या कागदाचा फोटो काढून घरातल्या आणखी एकाला पाठवा.