कामगारांची गाणी लिहून पोट भरेल का?

प्रश्न: मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. जगभरातल्या कामगारांच्या एकजुटीवर लोकगीतांच्या धाटणीची गाणी लिहिते, मोर्च्यांत गातेही. यातच करिअर करायचं आहे. घरचे म्हणतात, आधी नोकरी बघ. काय करू? सोबत तीन गाणी पाठवते आहे.

उत्तर: तुझी गाणी वाचली, चालीत बसतात का ते मोठ्यानं म्हणूनही पाहिलं. तुला हे जमतं. पण निव्वळ अशा गाण्यांवर घर चालवणारे फार थोडे असतात, त्यामुळे त्या भरवशावर आयुष्य आखू नकोस.

घरचे 'आधी नोकरी' म्हणतात म्हणजे गाणं सोड म्हणतात, असं तू धरून चालली आहेस. या गाण्यांचा इतिहास मात्र नोकरदारांचाच आहे. १८७१ मध्ये 'इंटरनॅशनल' या जगभरच्या कामगारांच्या गीताचे शब्द लिहिणारे यूजेन पोतिए कापडावरच्या नक्षीचं काम करायचे. १८८८ मध्ये त्याला चाल देणारे पिएर देगेतेर फ्रान्समधल्या लील शहरातले कारखाना कामगार. स्वीडनहून अमेरिकेला गेलेले गीतकार जो हिल मिळेल ती मजुरी करत फिरले. पत्रक माणूस एकदाच वाचतो, गाणं मात्र पाठ होतं आणि पुन्हा पुन्हा म्हटलं जातं, असं हिल यांचं म्हणणं होतं. म्हणून ते सगळ्यांच्या ओठांवर असलेल्या चर्चमधल्या गीतांच्या चाली घेऊन त्यांवर नवे शब्द बसवायचे. तूही ध्रुवपद छोटं ठेव. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला दुसऱ्या कडव्यानंतर ते उचलता आलं पाहिजे.

तुझ्या पहिल्या दोन गाण्यांत साखळ्या तुटतात, पहाट होते, मुठी वळतात. ही गाणी कुणाचीही असू शकतात. तिसरं तुझं आहे. मालक एका देशातला, जहाजावर झेंडा दुसऱ्या देशाचा, खलाशी तिसऱ्याच देशाचे, पगार थकलेला. आणि परक्या बंदरातले गोदी कामगार त्या जहाजाच्या मालाला हात लावत नाहीत. एकजूट हा शब्द त्यात कुठेही नाही, तरी ती कळते. हे गाणं तू कल्पनेनं रचलं असशील, पण १८९६ मध्ये स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघ अशा परक्या झेंड्यांच्या जहाजांविरुद्ध १९४८ पासून मोहीम चालवतो आहे. ते वाच, चौथं कडवं आपोआप सुचेल. अण्णा भाऊ साठे यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिला तो रशियाला जाण्याच्या कितीतरी आधी. दूरच्या माणसावर लिहिता येतं, मात्र त्याच्या कामाचे तपशील ठाऊक हवेत.

म्हणूनच माझा कौल कामगार कायदा किंवा श्रम अभ्यास या विषयांतल्या पदव्युत्तर शिक्षणाला आहे. त्यातून संघटनांमध्ये, कायदेशीर मदत केंद्रांत, संशोधन प्रकल्पांत काम मिळतं. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, पण करारपत्रं, पगाराच्या पावत्या, अपघातांचे अहवाल रोज नजरेखालून जातात. समाजकार्य, पत्रकारिता आणि अनुवाद हेही मार्ग आहेत, तुझ्यासाठी मी ते नंतर ठेवीन.

आणखी एक गोष्ट आजपासूनच कर. नोकरी जाऊ नये म्हणून देगेतेर यांनी 'इंटरनॅशनल'च्या चालीवर फक्त आडनाव छापू दिलं. पुढे सख्ख्या भावानं, आदोल्फनं, चाल आपली असल्याचा दावा केला. पिएर १९१४ मध्ये खटला हरले, हक्क परत मिळायला १९२२ उजाडलं. प्रत्येक गाण्यावर पूर्ण नाव आणि तारीख घाल. कुणी ध्वनिमुद्रण करणार असेल तर आधी लेखी करार कर. संपावरच्या लोकांना गाणं फुकट गाऊ द्यायचं असेल तर खुशाल दे. तो निर्णय तुझाच असावा, एवढ्यासाठी हे सांगते आहे. सिनेमातली चाल घेणार असशील तर परवानगी लागेल. शे-दोनशे वर्षांपूर्वीच्या लोकचाली मोकळ्या असतात.

या आठवड्यात अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षांच्या तारखा काढ. घरच्यांसमोर बसशील तेव्हा त्या तारखा सांग आणि त्याच बैठकीत तिसरं गाणं म्हणून दाखव.