आत बदल जाणवत नाही, मग नवीकरण झालेच नाही का?

बाप्तिस्मा झाला, दृढीकरण (मोठेपणी मंडळीसमोर विश्वासाची कबुली देण्याचा विधी) झाले, रविवारची उपासनाही चुकत नाही, तरी आत काही पालटल्यासारखे वाटत नाही. मग शास्त्रात सांगितलेले नवीकरण आपल्यापर्यंत पोहोचलेच नाही का, असे आपण विचारले आहे. मी पाळक नाही. तासगावजवळ माझी दोन एकर द्राक्षबाग आहे आणि उपासनेला मी मिरजेस जातो. तेवढ्याच अधिकाराने लिहितो.

आपल्या प्रश्नातला 'वाटत नाही' हा शब्द मला खटकला. रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायात प्रेषित पौल मनाच्या नवीकरणाने रूपांतर होऊ देण्यास सांगतो, तेथील मूळ ग्रीक क्रियापद कर्मणी आहे आणि ते चालू राहणारी क्रिया दाखवते. म्हणजे पालटणारा हात दुसऱ्याचा, आणि काम एका दिवसात उरकणारे नव्हे. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात तर हे अधिकच स्पष्ट होते. जुना मनुष्य उतरवून ठेवणे आणि नवा धारण करणे हे आपल्याकडे. त्या दोहोंच्या मधल्या वचनात मात्र मन नवे केले जाते. आणि त्यानंतर पौल लगेच अगदी व्यवहारावर येतो: खोटे बोलू नका, राग मावळतीपलीकडे नेऊ नका, चोरी करणाऱ्याने कष्ट करून गरजवंताला द्यावे. अंगावर शहारा यावा असे तो कोठेही म्हणत नाही. संजीवन सभेत, म्हणजे श्रद्धा जागवण्यासाठी भरवलेल्या मेळाव्यात, रडून हलकी झालेली माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांची थट्टा करण्याचे मला कारण नाही. पण शुभवर्तमानातल्या जकातदार जक्कयाचा पालट ओळखू आला तो त्याने फसवून घेतलेले चौपट परत करण्याचे बोलून दाखवले तेव्हा.

एप्रिलमध्ये आम्ही खरड छाटणी, म्हणजे वेलीच्या काड्या अगदी आखूड कापण्याचे काम, घेतो, तेव्हा नवख्या माणसाला बाग गेलीच असे वाटते. त्यानंतर फुटणाऱ्या काडीच्या डोळ्यात, म्हणजे कोंबाच्या कळीत, पुढच्या हंगामाचा घड ऐन उन्हाळ्यात आतल्या आत घडू लागतो, पण बाहेरून डोळा कितीही निरखला तरी काही कळत नाही. म्हणून पुष्कळ बागायतदार ऑक्टोबरच्या फळछाटणीपूर्वी काड्या प्रयोगशाळेत नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतात. घड नजरेस पडतो तो ही छाटणी झाल्यावर. योहानाच्या १५व्या अध्यायात पिता फळ देणाऱ्या फाट्यालाच छाटतो, आणि छाटण्यासाठी तेथे जो मूळ शब्द आहे त्याचा अर्थ स्वच्छ करणे असाही होतो. हे वचन मला लहानपणापासून पाठ होते. ते किती कठोर आहे, हे कात्री हाती आल्यावर समजले.

हे काम एकदाच होऊन संपत नाही, हेही लक्षात घ्यावे. पवित्र आत्मा उतरल्यानंतरही अंत्युखिया शहरात प्रेषित पेत्र लोकांच्या भीतीने परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंक्तीतून उठला आणि पौलाला त्याला तोंडावर बोलावे लागले. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा त्यांनी मांडला तो १९१७ साली. मधली बावीस वर्षे वाया गेली असे कोण म्हणेल?

आता माझे सांगतो. बांधावरच्या दोन फुटांसाठी थोरल्या भावाशी सहा वर्षे माझे बोलणे बंद होते. त्या सहा वर्षांत 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' ही प्रभूच्या प्रार्थनेतली ओळ मी दर रविवारी म्हणत होतो. पुढे पुढे नेमक्या त्या ओळीला माझा आवाज खाली जाऊ लागला, आणि मला वाटले की आपली श्रद्धा आटत चालली. आज मला वाटते की छाटणी तेथेच लागली होती. आपणही, जेथे आवाज अडखळतो अशी एखादी ओळ आपल्या प्रार्थनेत आहे का, हे पाहावे. दादाकडे जायला मला त्यानंतरही दीड वर्ष लागले आणि गेल्यावर बोलणे झाले ते फक्त द्राक्षावरच्या भुरी रोगाचे. बांध अजून होता तेथेच आहे. फवारणीचा ब्लोअर मात्र आता दोघांत एकच आहे.