टेलला पाणी पोहोचेपर्यंत

प्रिय बेटा,

तुझे पत्र दोनदा वाचले. नागपूरच्या इंदोऱ्यातील अभ्यासिकेला रंग लागला आहे, टेबले आली आहेत, पुस्तकांचे गठ्ठे सोडून झाले आहेत, आणि नेमके आताच सहकारी एकमेकांशी तुटकपणे वागत आहेत, दोघांनी येणे थांबवले आहे, देणगीदारांना उद्घाटनासाठी 14 एप्रिलच हवी आहे आणि तुला रात्रीची झोप नाही, असे तू लिहितेस. पैसे नव्हते तेव्हा सगळे एकत्र होते, मग आता असे का, हा तुझा प्रश्न आहे. तुझ्या तळमळीबद्दल मी काही लिहिणार नाही. ती तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. काम झाले असे कोणी आणि केव्हा म्हणावे, एवढ्यापुरतेच हे पत्र आहे, कारण तुझ्या बहुतेक अडचणी मला तिथूनच निघालेल्या दिसतात.

माझी सगळी नोकरी कालव्यांवर गेली. कालव्याच्या मुखाशी पाणी नेहमीच दिसते. पाहुणे तिथेच येतात, नारळ तिथेच फुटतो, फोटोही तिथलाच छापून येतो. कालव्याच्या शेवटच्या टोकाला, ज्याला आम्ही टेल म्हणतो, तिथे ज्याचे शेत आहे तो शेतकरी या समारंभाला नसतो. त्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी चढेपर्यंत कालवा झाला असे म्हणू नये. हे मी आयुष्यभर म्हणत आलो, त्यासाठी बोलणी खाल्ली, आणि आज तुलाही तेच सांगतो आहे.

आपल्या विदर्भात याचे सर्वांत मोठे उदाहरण गोसीखुर्दचे आहे. भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ, वैनगंगेवरच्या या प्रकल्पाचे भूमिपूजन 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. तेव्हा खर्चाचा अंदाज सुमारे 372 कोटी रुपयांचा होता आणि भंडारा, नागपूर व चंद्रपूर या जिल्ह्यांतील अडीच लाख हेक्टर जमीन भिजवण्याचे उद्दिष्ट होते. 2009 मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. खर्च हजारो कोटींनी वाढत गेला. धरणाची भिंत उभी राहिली, जलाशयात पाणी साठू लागले, पण कालवे, त्यांच्या उपशाखा म्हणजे वितरिका आणि शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या शेतचाऱ्या यांची कामे आणि बुडीत गावांचे पुनर्वसन वर्षानुवर्षे रेंगाळले. भिंत पाहून परतणाऱ्याला धरण झाले असे वाटणे स्वाभाविक आहे. ज्याच्या धानाला पाणी मिळाले नाही आणि ज्याचे गाव उठले पण नव्या गावठाणात सोयी आल्या नाहीत, त्या दोघांना विचारले तर उत्तर वेगळे मिळते, आणि माझ्या लेखी तेच उत्तर ग्राह्य आहे.

एका वितरिकेच्या कामावर मी असताना मार्चअखेरीस माझ्यासमोर काम पूर्ण झाल्याचा दाखला सहीसाठी आला. मी टेलपर्यंत पायी गेलो. एका मोरीत गाळ साचून अर्धे तोंड बंद झाले होते, अस्तरीकरणाला गेलेल्या तड्यातून पाणी शेजारच्या पडीत झिरपत होते, आणि शेताकडे पाणी सोडणाऱ्या शेवटच्या दोन आउटलेटांना दारेच बसवलेली नव्हती. मी सही केली नाही. निधी परत जाईल, उरलेली किरकोळ कामे नंतर होतील, सगळे तयार असताना तू एकटाच आडवा का येतोस, असे मला वरिष्ठांनी आणि बरोबरीच्यांनीही ऐकवले. काही महिन्यांत माझी बदली झाली. पुढे त्या टेलला पाणी गेले ते पाहायला मी तिथे नव्हतो, याची हळहळ अजून आहे. सही न केल्याची मात्र नाही. आजही कोणी मला हटवादी म्हणाले तर मी विचारतो, ती दारे बसवल्यावाचून दाखला दिला असता तर नंतर ती बसवायला कोण आले असते? दाखला एकदा फाइलला लागला की कंत्राटदाराचे शेवटचे बिल निघते, माणसे दुसऱ्या कामावर जातात आणि उरलेल्या कामाला वाली राहत नाही. हे मी इतक्या ठिकाणी पाहिले आहे की या बाबतीत कोणाशी तडजोड करण्याची माझी तयारी नाही.

आता तुझ्याकडे येतो. हिशेब पाहणाऱ्या मुलाने विचारले की वरच्या मजल्यावर चार कूलर आणि इतके पंखे एकदम लावले तर मंजूर वीजभार पुरेल का, आणि तू त्याला सर्वांसमोर नकारात्मक म्हणालीस. हे वाचून मला राग आला. एप्रिलच्या सकाळी तुझे पाहुणे अर्धा तास बसून जातील. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेल्यावर, पोलीस भरतीची किंवा एमपीएससीची तयारी करणारी जी मुलगी भिंतीलगतच्या शेवटच्या खुर्चीवर बसेल, जिथे कूलरची हवा पोहोचत नाही आणि ज्या सर्किटवर वीज आधी जाईल, ती तुझी टेल आहे. त्या मुलाने तिची बाजू मांडली होती. शेवट जवळ आला की नेत्याला प्रत्येक शंका अडथळ्यासारखी वाटू लागते, आणि शंका विचारणारा माणूस आपल्या विरोधात गेला असे वाटते. प्रत्यक्षात त्या दिवसांत तोच सर्वांत उपयोगी असतो. आधी त्याच्याकडे जा.

दुसरे म्हणजे, सगळी कामे तू स्वतःकडे ओढून घेतली आहेस. आमंत्रणपत्रिकेचा मजकूर तू लिहिणार, पुस्तकांवर क्रमांक तू टाकणार, किल्ल्याही तुझ्याकडे. इतरांच्या हातून नीट होणार नाही, हे तुझे कारण आहे आणि ते मला पटत नाही. सुरुवातीला ज्यांनी घरोघरी जाऊन वर्गणी मागितली, त्यांना शेवटच्या महिन्यात खुर्च्या लावण्यापुरते ठेवलेस तर ते येणे थांबवणारच. शिवाय अभ्यासिका उद्घाटनानंतर रोज उघडावी लागणार आहे, रात्री अकराला बंद करावी लागणार आहे, आणि तू दररोज तिथे नसशील. किल्ली आज ज्याच्या हाती नाही त्याला जूनमध्ये ती एकाएकी सांभाळता येणार नाही.

कोनशिलेवर कोणाची नावे घालावीत यावरून वाद आहे, त्याबद्दल थोडक्यात लिहितो. ज्या महामानवाच्या जयंतीची तारीख तुम्ही धरली आहे, त्यांनी अशा वेळी काय केले ते पाहा. संविधान स्वीकारले जाण्याच्या आदल्या दिवशी, 25 नोव्हेंबर 1949 रोजी, बाबासाहेबांनी संविधान सभेत शेवटचे मोठे भाषण केले. मसुद्याचे श्रेय त्यांना दिले जात असताना त्यांनी संविधान सभेचे घटनात्मक सल्लागार सर बी. एन. राव आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांची नावे घेतली आणि कर्मचाऱ्यांच्या कष्टांचाही उल्लेख केला. त्याच भाषणात त्यांनी बजावले की 26 जानेवारी 1950 ला राजकारणात समता येईल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता कायम असेल, आणि ही विसंगती लवकर दूर केली नाही तर लोकशाहीच धोक्यात येईल. एवढे मोठे काम हातावेगळे होत असताना त्यांची नजर ज्यांच्यापर्यंत ते अजून पोहोचायचे होते त्यांच्यावर होती. कोनशिलेचा वाद यापुढे फार लहान आहे. नावे घालायचीच असतील तर वर्गणी मागणाऱ्यांची घाला, नाहीतर कोणाचीच नको.

देणगीदार दुखावतील ही तुझी भीती मला समजते. त्यांना टाळू नकोस, जाऊन भेट, आणि 14 एप्रिलला अभिवादनाचा कार्यक्रम अभ्यासिकेच्या अंगणात होईल, वाचन मात्र वरचा मजला तपासून झाल्यावर सुरू होईल, असे स्पष्ट सांग. जे खरोखर या कामासाठी आले आहेत ते थांबतील. दुसऱ्या वस्तीत शाखा काढण्याचा प्रस्तावही तूर्त बाजूला ठेव. पहिल्या ठिकाणी टेलला पाणी नसताना दुसरा कालवा खोदायला घेऊ नये.

पत्रिका अजून छापायला गेल्या नसतील तर थांबव. वाढीव वीजभाराचा अर्ज महावितरणकडे सोमवारीच दे आणि तो त्या हिशेबवाल्या मुलाला घेऊन दे. येणे थांबवलेल्या दोघांपैकी एकाकडे किल्ल्या सोपव, दुसऱ्याकडे नोंदवही. मग एका दुपारी सगळे कूलर आणि पंखे लावून, पंचवीस-तीस मुलांना बसवून, तू स्वतः त्या भिंतीलगतच्या खुर्चीवर तीन तास वाचत बस. मुलींचे स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि रात्री बाहेर पडल्यावर गल्लीतला दिवा, हे त्याच दिवशी पाहून घे. मला बोलावलेस तर येईन.

तुझा काका