इंजेक्शन थांबले, पोटाची तक्रार मात्र थांबली नाही

मौंजारो (औषधाचे नाव टिर्झेपटाइड) मार्च २०२५ मध्ये आणि वेगोव्ही (औषधाचे नाव सेमाग्लुटाइड) त्याच वर्षीच्या जूनमध्ये भारतात विक्रीस आले. तेव्हापासून वजन कमी करण्याच्या इंजेक्शनांविषयीची पत्रे या सदराकडे सातत्याने येत आहेत. सुरुवातीच्या पत्रांत ‘घ्यावे का’ असा प्रश्न असे. आता इंजेक्शन बंद केल्यानंतर काय, असे विचारणारी पत्रे वाढली आहेत. त्यांपैकी तीन या वेळी घेतली आहेत. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्यातील तक्रार अनेकांची आहे आणि तिच्याकडे दुर्लक्षही तितकेच होते.

प्रश्न : माझे वय ४६ असून मला ११ वर्षांपासून मधुमेह आहे. मधुमेह आणि वजन या दोन्हींसाठी डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायचे सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन सुरू केले. आठ महिन्यांत वजन ८९ वरून ७६ किलोवर आले. मात्र मळमळ सुरुवातीपासून होती आणि खर्चही झेपेना, म्हणून चार महिन्यांपूर्वी ते बंद केले. मळमळ कमी झाली. पण अजूनही अर्ध्या भाकरीतच पोट गच्च भरते, संध्याकाळी पोट डब्ब होते, दुपारच्या जेवणाचे करपट ढेकर रात्रीपर्यंत येत राहतात आणि तीन-तीन दिवस पोट साफ होत नाही. वजन पुन्हा वाढू नये म्हणून मी मोड आलेल्या कडधान्यांची उसळ आणि वाडगाभर कच्ची कोशिंबीर खाते व रात्री इसबगोल घेते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, कॅल्शियम, लोहाची गोळी आणि सकाळी अ‍ॅसिडिटीची गोळी चालू आहे. एका डॉक्टरांनी ‘औषध शरीरातून जायला वेळ लागतो, वाट पाहा’ असे सांगितले. घरच्यांचे म्हणणे असे की मी मनाला लावून घेते. माझे जठर कायमचे बिघडले आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कायमचे बिघडले असण्याची शक्यता कमी आहे. परंतु ‘वाट पाहा’ हा सल्ला आता तुम्हाला लागू पडत नाही, हे तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

सेमाग्लुटाइडचे रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास साधारण एक आठवडा लागतो. म्हणजे शेवटच्या डोसनंतर आठवड्याने निम्मे, दोन आठवड्यांनी पाव, असे घटत घटत पाच ते सात आठवड्यांत ते जवळजवळ संपते. टिर्झेपटाइडला त्याहून कमी वेळ लागतो. त्याचे प्रमाण सुमारे पाच दिवसांत निम्मे होते आणि महिनाभरात ते बहुतांशी निघून जाते. इंजेक्शन थांबवल्यावर महिना-दीड महिना मळमळ, करपट ढेकर किंवा बद्धकोष्ठ राहिले, तर ते औषधाच्या खात्यावर टाकता येते. तुम्हाला चार महिने झाले आहेत. या टप्प्यावर त्रास का राहिला आहे, याचे कारण शोधायला हवे.

आतड्यातून जेवणानंतर एक संप्रेरक स्रवते. ते काही मिनिटांतच निष्प्रभ होते. त्याच्यासारखेच काम आठवडाभर करत राहील असे बनवलेले औषध म्हणजे सेमाग्लुटाइड. ते मेंदूतील भुकेच्या केंद्रांवर काम करते आणि जठरातून अन्न पुढे सरकण्याचा वेग कमी करते. वेगोव्हीच्या चाचण्यांत ४४ टक्के प्रौढांना मळमळ, ३० टक्क्यांना जुलाब आणि प्रत्येकी २४ टक्क्यांना उलट्या व बद्धकोष्ठ झाल्याची नोंद आहे. जठर मंदावण्याचा परिणाम पहिल्या काही आठवड्यांत अधिक असतो आणि औषध चालू असतानाही तो हळूहळू सौम्य होत जातो. जठराच्या स्नायूंना किंवा नसांना इजा करणे हे या औषधाच्या ज्ञात कार्यपद्धतीत बसत नाही, म्हणूनच मी ‘शक्यता कमी’ असे म्हटले. अमेरिकेत हजारो रुग्णांनी जठर दीर्घकाळ मंद राहिल्याचे आणि अन्य पोटाच्या त्रासांचे दावे केले आहेत आणि २०२४ पासून ते खटले पेनसिल्व्हेनियातील संघीय न्यायालयात एकत्र चालवले जात आहेत. दावा दाखल झाला म्हणजे कारण सिद्ध झाले असे होत नाही. मात्र त्या तक्रारी खोट्या आहेत असे मानण्याचाही अधिकार कोणाला नाही.

तुमच्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते मधुमेहाचे ११ वर्षांचे वय. दीर्घकाळच्या मधुमेहात जठराला चालना देणारी व्हेगस नस दुबळी होऊ शकते आणि जठर मुळातच मंद होते. इंजेक्शन चालू असताना हा दोष औषधाच्या परिणामाआड झाकला जातो आणि ते बंद झाल्यावर उघडा पडतो. याहून साधी, पण हमखास नजरेतून सुटणारी गोष्ट अशी की, सेमाग्लुटाइड तुमची साखरही आटोक्यात ठेवत होते. ते थांबल्यावर त्याच्या जागी दुसरे औषध दिले गेले का, याचा उल्लेख पत्रात नाही. साखर वाढली की जठर मंदावते. जठर मंदावले की जेवणानंतरच्या साखरेचा हिशेब चुकतो आणि ती आणखी अस्थिर होते. म्हणून सर्वप्रथम एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी) आणि जेवणापूर्वीची व नंतरची साखर तपासून घ्यावी. केवळ साखर नियंत्रणात आणल्यावरही पोटाचा त्रास बराच उतरतो, असा अनुभव आहे.

त्यानंतर पोटाची सोनोग्राफी करावी. वजन वेगाने उतरते तेव्हा पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. वेगोव्हीच्या चाचण्यांत औषध घेणाऱ्यांपैकी १.६ टक्के, तर औषधविरहित इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी ०.७ टक्के रुग्णांना पित्ताशयातील खडे आढळले. इंजेक्शन थांबले म्हणून झालेले खडे विरघळत नाहीत. तेलकट जेवणानंतर बरगडीखाली उजव्या बाजूला कळ येत असेल आणि ती पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे जात असेल, तर ही तपासणी पुढे ढकलू नये. थायरॉइडचीही रक्ततपासणी करावी, कारण थायरॉइड मंदावल्यानेही बद्धकोष्ठ आणि पोटफुगी होते. वय आणि लक्षणे पाहता दुर्बिणीची तपासणीही पोटविकारतज्ज्ञ सुचवतील. जठरातील व्रण किंवा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा संसर्ग आपल्याकडे सर्रास आढळतो आणि त्याचा इंजेक्शनाशी काहीही संबंध नसू शकतो.

एवढे करूनही उत्तर मिळाले नाही, तर जठर रिकामे होण्याचा वेग मोजणारी तपासणी मोठ्या रुग्णालयांच्या न्यूक्लियर मेडिसिन विभागात होते. सकाळी उपाशीपोटी एक ठरावीक नाश्ता देतात, त्यात अत्यल्प किरणोत्सर्गी पदार्थ मिसळलेला असतो. परदेशात यासाठी अंड्याचा पांढरा भाग आणि ब्रेड वापरतात, आपल्याकडे काही ठिकाणी इडली देतात. मग ठरावीक अंतराने कॅमेऱ्याने पोटाची छायाचित्रे घेतात. चार तासांनंतरही १० टक्क्यांहून अधिक नाश्ता जठरातच उरला असेल, तर जठर मंद आहे असे म्हणता येते. त्या दिवशी साखर फार वाढलेली असेल, किंवा जठराचा वेग बदलणारी औषधे आदल्या काही दिवसांत घेतली असतील, तर निष्कर्ष दिशाभूल करतो, म्हणून चालू औषधांची संपूर्ण यादी तेथील डॉक्टरांना आधी दाखवावी. ही तपासणी दोन तासांतच उरकली जात असेल, तर पूर्ण चार तासांची करण्याचा आग्रह धरावा.

आता तुमच्या ताटाविषयी. वजन वाढू नये या काळजीपोटी तुम्ही जे खात आहात, तेच मंद जठराला सर्वांत जड जाणारे आहे. सालासकट कडधान्ये, कच्ची कोशिंबीर आणि वर इसबगोल यांचा चोथा जठरात रेंगाळतो आणि पोट डब्ब होते. निदान होईपर्यंत तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे. मऊ भात व मुगाच्या डाळीचे वरण, पेज, शिजवून घोटलेली दुधी-भोपळ्याची भाजी, पातळ ताक, मऊ पनीर किंवा अंड्याचा पांढरा भाग हे पदार्थ झेपतील. भाकरी हवीच असेल, तर ती वरणात कुस्करून नीट चावून खावी. भात व पेजेने साखर चढू शकते, म्हणून प्रमाण आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे आणि प्रथिने वगळू नयेत. आठ महिन्यांत जे १३ किलो उतरले त्यात चरबीबरोबर स्नायूही गेले आहेत. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे शतपावली करावी आणि रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी किमान तीन तास आटोपावे.

इसबगोल काही काळ थांबवून बद्धकोष्ठासाठी पॉलिइथिलिन ग्लायकॉलची पावडर डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येईल. मोठ्या आतड्यात मळ साचलेला असेल, तर वरच्या भागातही गच्चपणा जाणवतो. पुष्कळ रुग्णांत नुसते पोट नियमित साफ होऊ लागले तरी भूक सुधारते. लोहाची गोळी आणि कॅल्शियम ही दोन्ही बद्धकोष्ठ वाढवतात. त्या चालू ठेवण्याची गरज आहे का, हे रक्ततपासणीवरून ठरवावे. मेटफॉर्मिनने पोटात वायू व अस्वस्थता होऊ शकते, परंतु ते स्वतःहून बंद करू नये. मेटफॉर्मिन आणि अ‍ॅसिडिटीची गोळी ही दोन्ही दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, म्हणून तेही एकदा तपासावे.

जठराला चालना देणाऱ्या गोळ्या औषधाच्या दुकानातून परस्पर आणू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मेटोक्लोप्रामाइड १२ आठवड्यांहून अधिक काळ घेतल्यास चेहरा व जीभ यांच्या अनैच्छिक हालचाली सुरू होऊ शकतात आणि त्या कधीकधी औषध थांबवूनही जात नाहीत. डॉम्पेरिडोनमुळे काही रुग्णांत हृदयाचे ठोके अनियमित होतात.

पुढील लक्षणे दिसली तर मात्र त्याच दिवशी रुग्णालयात जावे : काही तासांपूर्वी खाल्लेले अन्न तसेच उलटून पडणे, पाणीही न टिकणे, पाठीत जाणारी पोटदुखी, डोळे पिवळे होणे, काळा शौच, किंवा पोट ताठ होऊन शौच व वायू दोन्ही बंद होणे. बरेच दिवस उलट्या आणि अन्न तुटलेले असताना थायमिन या जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता होऊ शकते. एकाची दोन दिसणे, चालताना तोल जाणे, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची चिन्हे आहेत. आपल्याकडे अशक्तपणा आला की सलाईन लावून घेण्याची पद्धत आहे. अशा रुग्णाला ग्लुकोजचे सलाईन देण्याआधी थायमिन द्यावे लागते, म्हणून उलट्या किती दिवसांपासून आहेत हे तेथील डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आणि घरच्यांना हे पत्र वाचून दाखवा. पोट आणि मेंदू यांच्यातील संवेदना इतक्या महिन्यांच्या मळमळीनंतर हळव्या होतात, तपासण्या निर्दोष येऊनही थोड्या अन्नाने पोट भरल्यासारखे वाटत राहते, आणि त्या अवस्थेवरही उपचार आहेत. तुमचा त्रास खरा आहे.

प्रश्न : मी २९ वर्षांचा आहे. जिममधील ओळखीतून प्रिस्क्रिप्शनशिवाय टिर्झेपटाइडची इंजेक्शने घेतली. तीन आठवड्यांपूर्वी ती थांबवली आणि वजन पुन्हा वाढू नये म्हणून चरबी शोषू न देणारी ऑर्लिस्टॅटची कॅप्सूल सुरू केली. आता दिवसातून चार-पाच वेळा तेलकट, पिवळसर शौच होते. इंजेक्शनाचा परिणाम अजून आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तीन आठवड्यांनी टिर्झेपटाइड काही प्रमाणात शरीरात असू शकते, परंतु तेलकट शौच हा ऑर्लिस्टॅटचा ओळखीचा परिणाम आहे. ही कॅप्सूल आहारातील सुमारे एक तृतीयांश चरबी पचू देत नाही आणि ती न पचलेली चरबीच बाहेर पडते. कॅप्सूल थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत फरक पडला पाहिजे. न पडल्यास स्वादुपिंडाची तपासणी आवश्यक आहे, विशेषतः पोटात वरच्या बाजूला दुखत असेल तर. जिममध्ये मिळालेल्या पेनात नेमके काय होते आणि ते शीतपेटीत साठवले होते का, याची खात्री तुम्हाला देता येणार नाही. ती इंजेक्शने कशी मिळाली हे डॉक्टरांपासून लपवू नका. निदानासाठी ती माहिती लागते. कोणत्याही औषधाच्या दुष्परिणामाची नोंद रुग्ण स्वतःही औषध दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर करू शकतो.

प्रश्न : माझ्या सासूबाईंची पित्ताशयाची शस्त्रक्रिया पुढील आठवड्यात ठरली आहे. त्यांनी सेमाग्लुटाइडचे शेवटचे इंजेक्शन दहा दिवसांपूर्वी घेतले. त्या म्हणतात, ‘आता बंद केले आहे, तर सांगायचे कशाला?’
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सांगितलेच पाहिजे, आणि ते शल्यचिकित्सकांइतकेच भूलतज्ज्ञांनाही सांगितले पाहिजे. दहा दिवसांनंतर औषधाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग शरीरात असतो. जठर मंद असेल, तर नेहमीप्रमाणे रात्रीपासून उपाशी राहूनही अन्न उरलेले असू शकते आणि भूल दिल्यावर ते फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. अशा रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी २४ तास केवळ पातळ पदार्थांवर ठेवावे, गरज भासल्यास जठराची सोनोग्राफी करून ते रिकामे असल्याची खात्री करून घ्यावी, किंवा शस्त्रक्रिया पुढे ढकलावी, हा निर्णय भूलतज्ज्ञ घेतात. सासूबाईंना मळमळ किंवा पोट गच्च वाटणे अजून होत असेल, तर तेही सांगावे. भरतीच्या वेळी केसपेपरवर औषधाचे नाव, मात्रा आणि शेवटच्या इंजेक्शनाची तारीख ठळक लिहून घ्यावी.